बॅच क्रमांक एक

बत्तीस वर्षं मी लाल जुळवला.
रबाळ्याच्या कारखान्यात, उत्तरेच्या खिडकीशी,
कारण उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही.
गेरूचा लाल, ट्रॅक्टरचा लाल,
आगीच्या बादल्यांचा तो उद्धट लाल.
चिमूटभर पिवळा जास्त पडला
की दोनशे लिटर माल परत.

कारखाना मिटला. मिळाला हिशेब,
भिंतीवरचं एक घड्याळ,
आणि वीस लिटरचा रिकामा डबा.
डबा मी मागून घेतला.
तळाला खिळ्याने सात भोकं पाडली.

घणसोलीच्या पुलाखालचा नर्सरीवाला म्हणाला, मुसांडा.
आफ्रिकेकडची. बारमाही हिरवी. काही करावं लागत नाही.
(नर्सरीवाले आणि लग्नं जुळवणारे
एकाच शाळेत शिकलेले असतात.)

करावं लागतं.
आमची ऐरोली खाडीवर भराव टाकून केलेली,
मातीच्या जिभेवर अजून मीठ.
म्हणून लाल माती विकत, शेणखत, वाळू,
चहाचा चोथा, साखर धुऊन काढलेला.
सकाळचं ऊन सबंध,
दुपारचं शालनच्या जुन्या ओढणीतून गाळून.
शालन म्हणे, पोरीच्या आजारपणात
एवढे जागला नव्हतात.

पहिल्या वर्षी पानं. नुसती पानं, केसाळ.
जानेवारीत पारा चौदावर, खाडीचा वारा सुटला,
बारमाही हिरवीने निम्मी टाकून दिली.
मग पिठ्या ढेकूण, बेचक्या-बेचक्यांत कापूस ठेवल्यासारखा.
दातांचा जुना ब्रश, निंबोळीचं तेल,
भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, तेही संध्याकाळी.
उन्हात मारलं तर पान भाजतं. एकदा भाजलं.

मार्चात छाटली. गुडघ्याएवढी ठेवली.

वरच्या खोलीत अफुआ राहायला आली,
नेरूळला फार्मसी शिकणारी, कुमासीची.
डबा बघून कमरेवर हात ठेवून हसली.
तिच्या गावी हे दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर चढतं,
उंच, उजेड लागेपर्यंत.
तिथे छाटतं कोण, मी विचारलं.
बकरी, ती म्हणाली.

त्या रात्री दोन फांद्या कात्रीतून वगळल्या,
ग्रिलवर सोडल्या.

ऑगस्ट संपता संपता लाल.
फूल नव्हे. फूल केवढंसं, सायीच्या रंगाचं, मधे ठिपका.
लाल होतं ते निदल.
पाचांतलं एकच वाढतं, तळहाताएवढं,
बाकीची चार सुतळीच्या तुसांसारखी.
त्या एकालाच कोणी सांगितलं?
पारसिकच्या उतारावर हिची चुलतबहीण भूतकेस,
तीही एकच पुढे करते, पांढरं,
गर्दीत ओळखीच्या माणसाला हात दाखवावा तसं.

शेडकार्ड काढलं. उत्तरेला धरलं.
जवळचा निघाला तो आगीच्या बादल्यांचा.
तोच. फरक एवढाच, याला लव आहे.
रंगाला लव देता येत नाही,
आम्ही केला होता प्रयत्न, सत्त्याण्णव साली.

मे महिन्यात अफुआ परत गेली.
एक फांदी देऊ का, म्हटलं.
अंकल, तिथे आहे ना ते, ती म्हणाली.
खरंच होतं.
तरी तिच्या नावाने एक कापली,
पेन्सिलीएवढी, बुडाशी तिरकी,
खालची पानं काढून, वरची अर्धी करून, ओल्या वाळूत.
इथे हिला बी धरत नाही.
फांदीनेच पुढे जायचं.
वर लोणच्याची बरणी पालथी.
अकरा दिवस रोज उचलून बघितलं मूळ फुटलं का.
म्हणून लिहून ठेवतो : बघू नये.

आज बाराव्या दिवशी बरणीला टेप लावली,
जुन्या तिरक्या अक्षरात लिहिलं
बॅच १. तारीख. पाणी : बेताने.
शेडच्या रकान्यात पेन टेकवलं,
तेवढ्यात आतून शालन ओरडली,
दूध उतू जातंय.